चिपचे कुलूप किती पक्के?

बीडचे खासदार आणि केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघाती निधन झाले. जानेवारी २०१९ मध्ये स्वतःला सायबर तज्ज्ञ म्हणवणाऱ्या एकाने लंडनमधल्या कार्यक्रमात या मृत्यूचा संबंध मतदान यंत्रांच्या ‘हॅकिंग’शी जोडला. पुरावा काहीच दिला नाही. निवडणूक आयोगाने दावा फेटाळून दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली.

अशा दाव्यांत हवेतून यंत्र ताब्यात घेण्याच्या गोष्टी असतात. हार्डवेअर सुरक्षेचे अभ्यासक मात्र वेगळाच प्रश्न विचारतात: आतली चिप मुळात आराखड्याप्रमाणेच आहे का? २०१० मध्ये हरी प्रसाद, अॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोन्ग्राइप यांनी भारतीय मतदान यंत्र उघडून दाखवले, की ते हाती लागले तर आतला भाग बदलून निकाल फिरवता येतो.

चिपचा आराखडा एका देशात तयार होतो आणि उत्पादन दुसऱ्या देशात. कारखान्याने जास्तीच्या चिप काढून विकल्या किंवा आत काही घुसवले तर? यावर २००८ मध्ये ‘लॉजिक लॉकिंग’चा उपाय पुढे आला. मंडलात जागोजागी जादा गेट बसवायचे. गुप्त किल्लीचे शून्य-एक बरोबर असतील तरच चिप नीट चालते, नाहीतर चुकीची उत्तरे देते. किल्ली कारखान्याला कळू द्यायचीच नाही. १२८ अंकी किल्ली एकेक करून शोधायची तर आयुष्य पुरणार नाही.

पण चोर एकेक किल्ली लावून पाहत बसत नाही. २०१५ मध्ये प्रमोद सुब्रमण्यन, सायक रे आणि शरद मलिक यांनी ‘सॅट’ हल्ला मांडला. हाती कुलूपबंद आराखडा हवा आणि बाजारातून घेतलेली एक चालू चिप. दोन किल्ल्यांची उत्तरे ज्यावर वेगळी येतील असा प्रश्न संगणक शोधतो आणि तो चालू चिपला विचारतो. एका उत्तरात चुकीच्या असंख्य किल्ल्या बाद होतात. त्या काळच्या बहुतेक पद्धती यापुढे टिकल्या नाहीत.

मग २०१६ मध्ये ‘सारलॉक’, ‘अँटी-सॅट’ आले. त्यांत प्रत्येक प्रश्नाला जेमतेम एखादी किल्ली बाद होते. पण ते जादा मंडल इतके वेगळे उठून दिसे, की संशोधकांनी ते ओळखून कापूनच टाकले. कडी मजबूत, बिजागरी कच्ची!

हे तंत्र मतदान यंत्रासाठी जन्मलेले नाही. तुलना करण्याजोगी आहे ती परीक्षेची रीत. इथे कुलूप करणारा आराखडा जगापुढे ठेवतो आणि परके लोक ते फोडायला बसतात. मतदान यंत्राच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना दर विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांच्या चिप तपासून घेण्याची मुभा दिली. ही तपासणी करायची आहे यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्याच अभियंत्यांनी.