मिटलेली दारे आणि मांडलेला पट

गो हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी खेळत नाही. उभ्या-आडव्या एकोणीस-एकोणीस रेघा, ३६१ छेदबिंदू आणि काळ्या-पांढऱ्या सोंगट्या. बुद्धिबळात राजाला कोंडायचे असते. इथे सोंगट्यांचे कुंपण घालून जास्तीत जास्त जागा आपलीशी करायची. खेळ मूळचा चीनचा. त्याच चीनमधल्या एका असामान्य खेळाडूला मात्र पटासमोर बसायला जागा मिळेना.

रुई नाइवेई यांचा जन्म १९६३ चा, शांघायमधला. १९८८ मध्ये त्या ९ दान झाल्या. व्यावसायिक खेळाडूंची ही सर्वोच्च पायरी. तिथे पोचलेल्या त्या पहिल्याच स्त्री. पण राष्ट्रीय संघाच्या अधिकाऱ्यांशी बिनसले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी देश सोडला. जपानात गो सेइगेन यांच्यासारखा थोर गुरू लाभला, पण तिथल्या व्यावसायिक स्पर्धांची दारे उघडली नाहीत. पुढे अमेरिकेत शिकवण्या केल्या. मधे १९९२ मध्ये इंग करंडकात खेळायला मिळाले, तर थेट उपांत्य फेरी गाठली! तरीही दारे मिटलेलीच.

अखेर १९९९ मध्ये कोरियाने त्यांना आणि त्यांचे पती जियांग झुजिउ यांना खेळू दिले. वर्षभरातच त्यांनी ली चांग-हो आणि चो हुनह्यून या दोन दिग्गजांना हरवून 'गुक्सू' हा मानाचा किताब पटकावला. तोवर तो कुणाही स्त्रीला मिळालेला नव्हता.

अशी गोष्ट ऐकली की आपण जिद्दीचे गोडवे गातो. जिद्द होतीच. पण माझ्यातला जुना बँकवाला हिशेब मांडतो. निष्क्रिय झालेले बचत खाते अर्ज दिल्यावर पुन्हा सुरू होते, मधल्या काळाचे व्याजही मिळते. सत्तावीस ते पस्तीस या उमेदीच्या वयाला तशी सोय नाही. न खेळलेले डाव कुठल्याच वहीत जमा होत नाहीत.

आमच्या बँकेत हुशार भगिनी बदलीच्या धास्तीने बढती नाकारत. निरोप समारंभात त्यांच्या 'त्यागा'वर भाषणे होत. बदलीचा नियम तसाच राही.

म्हणून वाटते, कुणी अडथळे ओलांडून परतली की टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण त्याच दमात विचारावे, दाराला कडी कुणी घातली होती? आणि आज आपल्या घरात, कचेरीत ती कुणासाठी घातलेली आहे?