शमीवरची शस्त्रे आणि पुतण्याचे पिस्तूल

विजयादशमीला घरोघरी शस्त्रपूजन होते. परंतु आजकाल पाटावर मांडली जाणारी शस्त्रे पाहावीत तर विळी, कोयता, सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री आणि फार तर पणजोबांच्या काळची, म्यानात गंजून बसलेली तलवार. गेली चाळीस वर्षे आमच्या क्षेत्री दसऱ्याच्या कीर्तनात मी शमीवृक्षाचे आख्यान लावीत आलो. गांडीव, पाशुपत, ब्रह्मास्त्र यांवर तासन् तास बोललो. तथापि भरता येईल आणि झाडता येईल असे खरेखुरे शस्त्र पूजेच्या पाटाशेजारी प्रथम पाहिले ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आणि तेही अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सख्ख्या पुतण्याच्या घरी.

2023 सालची ही हकीकत. चातुर्मासातील कीर्तनांच्या निमित्ताने मी तिकडे गेलो होतो व नवरात्रात पुतण्याकडेच मुक्कामी होतो. अष्टमीच्या रात्री जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "काका, यंदा पूजेत माझे पिस्तूल ठेवावे म्हणतो. शास्त्राला चालेल ना?" स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भावोजी, तुम्हीच काय ते सांगा. देवापुढे असले काही नको, असे मी गेली दोन वर्षे म्हणते आहे." वहिनी मला मातृस्थानी, पुतण्या अंगाखांद्यावर खेळवलेला. मी म्हटले, आधी तुझे शस्त्र पाहू दे, मग शास्त्र पाहू.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटार ठेवण्याच्या खोलीत मला नेले. तेथे एक लाकडी ओटा, त्यावर शिकंजा, बारीक कानशी, कुरुंदाचे दगड, तेलाच्या बाटल्या, डोळ्याला लावायचे भिंग. मला आमच्या गावच्या जुन्या घड्याळजीचे दुकान आठवले. ही उपमा मी सहज केली, तेव्हा पुतण्या हसला. म्हणाला, या छंदातील एक मोठे नाव बिल विल्सन. ते मूळचे घड्याळजीच. आर्कान्सा राज्यातील बेरीव्हिल गावी घरच्या जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करता करता 1977 साली त्यांनी पिस्तुले सुधारून देण्याचा उद्योग सुरू केला.

पिस्तुलाचा नमुना मात्र त्याहून पुष्कळ जुना. जॉन मोझेस ब्राउनिंग हा युटामधील ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा. त्याच्या बुद्धीतून हे यंत्र निघाले. 1911 च्या मार्च महिन्यात अमेरिकी सैन्याने परीक्षा घेतली तेव्हा एकाच पिस्तुलातून 6,000 गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्याच्या 29 तारखेला ते स्वीकृत झाले, त्या सालावरूनच त्याचे नाव पडले आणि 1985 पर्यंत ते तेथील सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. वजन सुमारे 1,100 ग्रॅम. गोळी जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाची.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हे मला त्याने रिकाम्या पिस्तुलावर दाखविले. गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने वरचे सरकते आवरण मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते, घोडा पुन्हा चढविते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारते. हे सारे पापणी लवण्याच्या आत. परंतु पुढची गोळी सुटते ती चाप सोडून पुन्हा ओढला तरच. एका ओढीस एक बाण. (आपण मराठीत ज्याला चाप म्हणतो त्या शब्दाचा संस्कृतात अर्थ धनुष्य. योगायोग खरा, पण मला मोठा गोड वाटला.)

आता छंद कशात आहे? कारखान्यातून आलेल्या पिस्तुलात आवरण आणि खालचा सांगाडा यांच्यात किंचित हालचाल राहते. रणांगणावरील चिखलमातीत ते अडू नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असे. छंदिष्ट मनुष्य ती सैलाई काढतो. धातूवर धातू लेप लावून घासतो, नळीच्या तोंडाशी नवे कडे बसवितो, नेम धरण्याची माशी बदलतो, मुठीच्या पुढच्या बाजूस कानशीने चौकड्यांची बारीक नक्षी कोरतो. एका इंचात वीस रेषा, कसबी असेल तर तीस. घोडा आणि त्याला अडवून धरणारा खटका यांची धार दगडावर अशी जमवितो की सहा पौंडांच्या आसपास असलेला चाप चार पौंडांवर येतो आणि ओढताना काच तुटावी तसा एकदम सुटतो. पुतण्याने या एका पिस्तुलावर संबंध हिवाळा घालविला होता. वहिनींच्या मते संसारही घालविला होता, पण ते आईचे बोलणे.

हे पाहून मी नाक मुरडले नाही, हे येथे स्पष्ट सांगतो. कारण आपल्यातील पुष्कळ सात्त्विक मंडळी पिस्तूल म्हटले की लगेच हिंसा, असुर, कलियुग असे शब्द काढतात. त्यांनी आपलेच ग्रंथ चाळावेत. अग्निपुराणात धनुर्वेदाचे अध्याय आहेत आणि त्यांत यंत्राने सुटणाऱ्या शस्त्रांना यंत्रमुक्त असा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराचे वर्णन करताना धनुष्य ताडाचे, वेळूचे, लाकडाचे की शिंगाचे, आणि दोरी मूर्वेची, रुईची, तागाची की स्नायूची, एवढा तपशील नोंदविला आहे. आपल्या हाताला, आपल्या बळाला जुळेल असे शस्त्र घडविणे ही विद्याच आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या खेळातील पिस्तुलाची लाकडी मूठ पाहा. नेमबाजाच्या पंज्यातील प्रत्येक उंचवटा-खळग्याप्रमाणे ती तासलेली, कोठे भर घालून चढविलेली असते. ते दुसऱ्याच्या हातात बसत नाही.

रविवारी मी त्याच्याबरोबर चांदमारीच्या मैदानावरही गेलो. मला वाटले होते तेथे आरडाओरडा, फुशारकी असेल. उलट, आमच्या कीर्तनाच्या मंडपात नसते इतकी शिस्त. एकाने आज्ञा दिली की सर्वांची शस्त्रे रिकामी, आवरणे उघडी, हात मागे. पुतण्याने चार नियम सांगितले, ते जेफ कूपर या जुन्या मरीन अधिकाऱ्याचे म्हणून तिकडे सर्वत्र पाठ आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी वळवू नये. नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि लक्ष्य काय व त्याच्या मागे काय हे जाणून घ्यावे. याच कूपर यांच्या पुढाकाराने 1976 साली मिझुरीतील कोलंबिया येथे व्यवहारोपयोगी नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे ब्रीद लॅटिन भाषेतील तीन शब्दांचे आहे. मी त्यांचे अचूकता, बल, वेग असे भाषांतर करून दिले. पहिला शब्द डिलिजेन्शिया, त्याचा मूळ अर्थ दक्षता. वेग अखेरीस येतो हे मला फार आवडले.

तर येथवर माझे मत पुतण्याच्या बाजूने झुकले होते.

घरी परतल्यावर त्याच संध्याकाळी मी ओसरीसारख्या जागेत पोथी घेऊन बसलो असता त्याचा नऊ वर्षांचा मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "आजोबा, बाबांचे दुसरे पिस्तूल दाखवू? मला ठाऊक आहे ते कुठे असते." निजण्याच्या खोलीत, उशाच्या कपाटाचा वरचा खण, टॉवेलाखाली. मी त्याला तेथेच थांबवून पुतण्याला हाक मारली. ते भरलेले होते. चोराच्या भयाने ठेवलेले. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला; कारण मुलाला ते ठाऊक नाही, अशी त्याची खात्री होती.

या मुलाने ते मला दाखविण्याऐवजी मित्राला दाखविले असते तर? ज्या टेक्सासमध्ये शस्त्रांचे एवढे स्तोम, तेथेही सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल अशा रीतीने ठेवणे हा गुन्हा आहे. आणि केवळ मुलांचाच प्रश्न नाही. 2021 साली अमेरिकेत बंदूक-पिस्तुलांनी 48,830 माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे चोरासाठी ठेवलेले शस्त्र पुष्कळदा घरच्याच माणसाच्या एका वाईट रात्रीस सापडते. छंदाचे पिस्तूल ओट्यावर कितीही निगुतीने घासलेले असो, घरात ते कोठे ठेवतात यावर त्याची परीक्षा व्हायला हवी.

त्या रात्री मी पुतण्याला शमीचे आख्यान सांगितले. कीर्तनात सांगतो तसे नव्हे. विराटपर्वात पांडव अज्ञातवासात शिरण्यापूर्वी काय करतात ते नीट वाचावे. शस्त्रे झाडावर टाकून ते निघून जात नाहीत. प्रथम प्रत्येक जण आपल्या धनुष्याची दोरी उतरवितो. ज्या गांडिवाने अर्जुनाने खांडववन जाळण्यास साह्य केले त्याचीही. मग नकुल झाडावर चढतो, पावसाचे पाणी लागणार नाही अशी ढोली व फांद्या पाहून शस्त्रे भक्कम पाशांनी बांधतो. तेवढ्यानेही त्यांचे समाधान होत नाही. झाडाला एक प्रेत बांधतात, की दुर्गंधीने कोणी जवळ फिरकू नये, आणि वाटेतल्या गुराख्यांना सांगतात की ही आमची 180 वर्षांची माता, असा आमचा कुलधर्मच आहे. दोरी उतरविणे, सुरक्षित जागा, बंधन आणि वर परक्याने हात लावू नये याची तजवीज. आपण सोने म्हणून आपट्याची पाने लुटतो, शमीची पूजा करतो. परंतु शमी म्हणजे महाभारतातली कुलूपबंद तिजोरी, हे कोणी सांगत नाही. मीही चाळीस वर्षे सांगितले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

पुतण्याने एक आक्षेप घेतला आणि तो वाजवी होता. तो म्हणाला, "काका, चोर आला तर कुलूप उघडत बसू का?" मी म्हटले, पांडवांनाही कीचक भेटलाच. भीमाने शमीकडे धाव घेतली नाही. हे उत्तर कीर्तनकाराचे आहे, पूर्ण नाही, हे मला कळते. त्याने स्वतःच तोड काढली: बोटांच्या ठशाने क्षणात उघडणारी लहान तिजोरी तिकडे मिळते, ती दुसऱ्याच दिवशी आणून भिंतीत पक्की केली.

दुसरी गोष्ट मला अधिक जड वाटली. त्या पिस्तुलाला दोन अडसर असतात. एक अंगठ्याचा, दुसरा मुठीच्या मागचा, जो पंजाने घट्ट धरल्याशिवाय चाप सुटू देत नाही. काही छंदिष्ट हा दुसरा अडसर हाताला बोचतो म्हणून कायमचा दाबून बसवून टाकतात. चापही इतका हलका करतात की खटक्याची पकड अपुरी पडून आवरण पुढे येताच घोडा आपोआप पडू शकतो. पुतण्याच्याही मनात मुठीचा अडसर बंद करण्याचे होते. येथे मला कर्णपर्व आठवले. जो मला गांडीव दुसऱ्याला दे म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, ही अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेल्या धर्मराजाने नेमके तेच शब्द काढले आणि अर्जुनाने वडीलभावावर तलवार उपसली. श्रीकृष्णांनी आवरले म्हणून बरे. धर्मराजाला अरेतुरे बोलून अपमान कर, वडील माणसाला तोच वध, अशी पळवाट त्यांनी काढून दिली. अर्जुनासारख्याचे शस्त्रावरचे प्रेम जर सख्ख्या भावाच्या गळ्यापर्यंत येते, तर एक हिवाळा कानस चालविलेल्या माणसाने अडसर काढण्यापूर्वी थोडे थांबावे.

आपल्याकडच्या वाचकांना हे दूरचे वाटेल. हिंदुस्थानात असा घरगुती छंद कायद्याला मान्य नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नाही, आणि त्यात फेरफार वा दुरुस्ती करण्यासही परवाना लागतो. 2019 च्या सुधारणेने एका परवानाधारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात. सरकारी आयुध कारखान्याने नागरिकांसाठी काढलेल्या पिस्तुलाला अशनि असे नाव दिले आहे. अशनि म्हणजे इंद्राचे वज्र. नाव ठेवणारा संस्कृतज्ञ असावा. परंतु ज्या घरांत परवान्याचे शस्त्र आहे तेथे दसऱ्याला ते बाहेर निघते, मुले भोवती जमतात, कोणी तरी ते हातात घेऊन छायाचित्र काढतो आणि एखादा उत्साही हवेत बार काढतो. त्याच 2019 च्या सुधारणेने इतरांच्या जिवास धोका होईल अशा आनंदाच्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वर गेलेली गोळी खाली येते, ती कोणाच्या अंगणात येईल हे बार काढणाऱ्यास सांगता येत नाही.

शेवटी पूजा झाली. माझ्या तीन अटी होत्या: काडतुसे त्या खोलीत नसावीत, मॅगझिन निराळे असावे, आणि पूजा संपताच पिस्तूल तिजोरीत जावे. वहिनींनी चौथी घातली, तिजोरी बोटाने उघडली नाही तर लागणारी किल्ली त्यांच्याकडे. पुतण्याने आवरण मागे ओढून अडकविले, नळीत बोट घालून ती रिकामी असल्याचे मला, मग आईला दाखविले. हळदकुंकवाचे पाणी लागले तर गंज धरेल म्हणून पिस्तुलाखाली कोरे वस्त्र अंथरले. नऊ वर्षांच्या नातवाने झेंडूचे फूल हातात घेऊन विचारले, "आजोबा, हे कुठे वाहू?" उघड्या आवरणात पाकळी गेली असती तर पुतण्याला सारे पुन्हा खोलावे लागले असते. मी म्हटले, विळीवर वाहा. त्याने विळीवर वाहिले आणि वहिनींनी ती उचलून नैवेद्याच्या काकड्या चिरायला घेतली.