ताप उतरला, धोका नव्हे

पावसाळा सरत आला की मुंबई-पुणे महामार्गालगतच्या लोधिवली, चौक, खालापूर या पट्ट्यात डेंग्यूची धास्ती वाढते. चर्चा मात्र प्लेटलेटच्या आकड्याभोवतीच फिरते. लहान मुलांच्या बाबतीत ही दृष्टी घातक ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तीव्र डेंग्यूचे तीन निकष निश्चित केले: रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने येणारा शॉक किंवा श्वासाचा त्रास, गंभीर रक्तस्राव आणि अवयवांना गंभीर इजा. यकृताच्या एएसटी वा एएलटी या विकरांपैकी एकाने १००० युनिटचा टप्पा गाठणे, शुद्ध हरपणे, हृदयाच्या स्नायूंना सूज येणे ही तिसऱ्या निकषाची उदाहरणे. प्लेटलेटची संख्या या तिन्हींत नाही.

खरा कसोटीचा काळ ताप उतरताना, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवशी येतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. याच वेळी पालक मूल बरे झाले असे समजून निर्धास्त होतात. द्रवाची गळती सोसण्याची क्षमता लहान मुलांत कमी असते. शॉक लांबला की यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांचा रक्तपुरवठा तुटतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती वा अस्वस्थता दिसताच रुग्णालय गाठावे. तापावर पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे.

उपचाराचा गाभा म्हणजे मोजून दिलेले सलाइन. कमी पडले तर शॉक, अधिक झाले तर फुप्फुसांत पाणी. त्यासाठी हिमॅटोक्रिटची पुनःपुन्हा तपासणी, लघवीचे मोजमाप आणि मुलांच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा हवा. ही साधने महागडी नाहीत. सतत लक्ष ठेवणारे प्रशिक्षित मनुष्यबळ मात्र दुर्मिळ आहे.

रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, समुद्रकाठी. कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांतील कुटुंबांना पनवेल वा नवी मुंबईच जवळची. अतिदक्षता विभाग दूर असेल, तर धोक्याची खूण ओळखणे आणि सलाइन सुरू करूनच मूल पुढे पाठवणे, ही जबाबदारी ग्रामीण रुग्णालयाचीच ठरते. फवारणीच्या मोहिमांबरोबर या सज्जतेचाही हिशेब आरोग्य खात्याने द्यायला हवा. कारण येथे वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजावी लागते.