बिघडलेला प्रयोगही परीक्षेत हवा

एकाच संगणकाला दोन पडदे जोडलेले तुम्ही पाहिले असतील. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही तशी सोय आहे. एका पडद्यासमोर बसून मी आकडे भरतो. दुसरा विद्यार्थ्यांकडे तोंड करून ठेवला आहे. त्यावर आलेख उमटतो. संगणक जुना आहे, पण या कामाला पुरतो.

गेल्या सत्रात एके सकाळी विद्यार्थ्यांकडचा पडदा पिवळा पडला. पांढऱ्या जागी हळदीसारखे पिवळे, आणि आलेखाची निळी रेघ चक्क काळी! मी मग काय केले ते सांगायला संकोच वाटतो. संगणक बंद करून चालू केला, पडद्याची बटणे दाबली, वायरी हलवल्या, रंगांची मांडणी बदलली. सगळे पाच मिनिटांत, कशाचीही नोंद न करता. शेवटी ‘पडदा गेला’ असा निकाल देऊन नव्या पडद्याच्या मागणीचा अर्ज लिहायला बसलो. आणि मी दरवर्षी पहिल्या तासाला काय सांगतो? एका वेळी एकच गोष्ट बदला!

अकरावीची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, पडद्यांकडची टोके अदलाबदल करून पाहू का?”

संगणक व पडदे बंद करून आम्ही तेवढेच केले. वायरींची संगणकाकडची टोके जिथल्या तिथे ठेवली. पुन्हा चालू केल्यावर विद्यार्थ्यांचा पडदा स्वच्छ पांढरा, आणि माझा पिवळा! म्हणजे ज्याच्यावर मी ठपका ठेवला होता तो पडदा निर्दोष होता. दोष एक तर वायरीत, नाही तर संगणकात. मग पडद्यांकडची टोके तशीच ठेवून संगणकाकडची टोके बदलली. दोष संगणकात असता, तर पिवळेपणा आता दुसऱ्या पडद्यावर गेला असता. तो हलला नाही, माझ्याच पडद्यावर राहिला. म्हणजे दोष त्याला जोडलेल्या वायरीत. दोन अदलाबदली आणि तीन संशयितांपैकी दोघे सुटले.

वायर काढून पाहिली तेव्हा एक पिन वाकून आडवी झालेली दिसली. ही वायर व्हीजीए प्रकारची. ही पद्धत १९८७ साली आली. तिच्या तोंडात तीन ओळींत मिळून १५ पिनांच्या जागा असतात. (नववी जागा पुष्कळ वायरींत मुळातच रिकामी असते, ती पाहून घाबरू नका.) पहिल्या पिनेतून तांबड्या रंगाचा संदेश जातो, दुसरीतून हिरव्याचा, तिसरीतून निळ्याचा. आमची तिसरी पिन वाकली होती. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश मिळून पांढरा होतो. त्यातून निळा गेला की उरतात तांबडा आणि हिरवा, म्हणजे पिवळा. नुसत्या निळ्या रेघेतून निळा गेला की उरतो अंधार. प्रकाशाच्या धड्यातले हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिले असेल! पण ते समोर पडद्यावर उभे असताना मला ओळखता आले नाही.

नव्या एचडीएमआय वायरींतून संदेश अंकांच्या रूपात जातो. तिथे बिघाड झाला तर चित्र लुकलुकते, ठिपके उठतात किंवा पडदा काळाच राहतो. पण अदलाबदलीची रीत तीच. घरी दुसरा पडदा मुळीच उजळत नसेल, तर आधी संगणकाच्या मागे पाहा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले की अनेक संगणकांत मूळ बोर्डावरचे चित्राचे तोंड बंद होते, आणि नेमकी तिथेच वायर खोचलेली असते.

आता माझे म्हणणे. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत मांडणी तयार मिळते. सुई हलली नाही तर विद्यार्थी परिचराला हाक मारतो. तो येऊन कळ घासतो, सुई हलते, आणि विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. खरे शोधण्याचे काम परिचराने केले, त्याला कोणी गुण देत नाही! मला वाटते, दहा प्रयोगांत एक तरी मुद्दाम बिघडवलेला असावा. आतून तुटलेली वायर, संपलेला सेल, गंजलेली कळ, असा बिनधोक बिघाड. गुण दुरुस्तीला नव्हे, नोंदीला द्यावेत: काय बदलले, काय दिसले, त्यावरून कोण सुटले.

शिक्षकबंधू-भगिनी म्हणतील, वेळ कुठे आहे? तीस मुलांच्या तुकडीत तपासणी अवघड जाईल, हे मला मान्य आहे. कधी दोन बिघाड एकदम असतात आणि अदलाबदल फसवते, हेही खरे. पण तशी फसगतही जर्नलमध्ये आली तर काय बिघडले? आज जर्नलमधले सगळेच आकडे संशय यावा इतके बरोबर असतात.

“बंद करून चालू केले की होते” असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही तेच करतो, आणि कधी कधी ते होतेही. पण का झाले, हे त्यातून कळत नाही.

त्या मुलीने शिशाच्या पेन्सिलीच्या रिकाम्या नळीदार टोकाने पिन सरळ केली. पडदा पांढरा झाला आणि माझा अर्ज खणात गेला. जाता जाता तिने मला एक प्रश्न विचारला, तो तुम्हालाही विचारतो: तिसरीऐवजी दुसरी पिन वाकली असती, तर पांढरा पडदा कोणत्या रंगाचा दिसला असता? उत्तरासाठी वायर मोडू नका, कागद-पेन्सिल पुरे.