मामा तलाव : गाळ निघाला, पण पाणी बांधीत पोहोचले का?

धान निसवायला लागले आणि पावसाने पाठ फिरवली की पूर्व विदर्भातला शेतकरी गावतलावाकडे बघतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. 'माजी मालगुजारी'चे 'मामा' झाले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांचे पाणी पंपाशिवाय, उताराने बांध्यांत उतरते. त्यांचे खरे वैशिष्ट्य हेच, आणि आजच्या दुरुस्तीत नेमके तेच हरवते आहे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे आले. आज १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात. मालकी बदलली तशी दरवर्षी पाळीवर माती टाकणे, पाट साफ करणे ही गावाची कामे मागे पडली.

आता 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०२३ पासून पुन्हा जोरात आहे. यंत्र व इंधनाचा खर्च त्यातून मिळतो. अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान आहे. बरड जमिनीला हा गाळ उपयोगीच. पण कामाचे मोजमाप 'किती घनमीटर गाळ काढला' यावर होते, आणि इथेच गफलत आहे.

तलावातून उताराने मिळणारे पाणी म्हणजे मोरीच्या तळापासून सांडव्याच्या माथ्यापर्यंतचा थर. मोरीच्या तळाखाली खणलेला खड्डा भरतो, गुरांना व माशांना कामी येतो, आसपासच्या विहिरींनाही थोडा आधार देतो. बांधीत मात्र ते पाणी इंजिन लावल्याशिवाय येत नाही. हिशेब करून पाहा. एक हेक्टर धानाला ५ सेंमी पाणी द्यायचे तर ५०० घनमीटर लागते. मोरीच्या वर १०,००० घनमीटर साठा वाढला तर पाटातली गळती सोडून २० हेक्टरला एक पाळी मिळते. तेवढाच गाळ मोरीखालून काढला तर उताराने मिळणारी वाढ शून्य.

म्हणून पोकलेन बोलावण्याआधी लेव्हल लावून तीन उंच्या घ्याव्यात: मोरीचा तळ, सांडव्याचा माथा आणि तलावाचा आजचा तळ. पैसा कमी असेल तर आधी गळकी मोरी, फुटका सांडवा आणि बुजलेला पाट. ही कामे फोटोत उठून दिसत नाहीत, पण ऑक्टोबरमधली पाळी त्यांच्यावरच ठरते. पाळीच्या पायथ्याशी तर खणूच नये. तळातला चिकण थर फुटला की पाझर सुरू होतो आणि पाळ खचण्याचा धोका वाढतो.

सांडव्याचा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. बुडीत क्षेत्रात अतिक्रमण करून धान लावले जाते, मग ते बुडू नये म्हणून सांडवा फोडला जातो किंवा पाणी आधीच सोडले जाते. खालचे लाभधारक आणि वरचे अतिक्रमणधारक बहुधा एकाच गावचे, कधी एकाच भावकीतले. मोजणी करून बुडीत क्षेत्राच्या खुणा गाडल्याशिवाय आणि ग्रामसभेत उघड चर्चा झाल्याशिवाय कितीही गाळ काढा, साठा टिकत नाही.

तिसरा हक्कदार ढिवर. तळ सरसकट खरवडला की काठची उथळ जागा जाते. देशी मासे तिथेच अंडी घालतात, पाणवनस्पती तिथेच वाढतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या संस्थेने ढिवर महिलांना सोबत घेऊन तलावांतले बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. बेशरम मुळासकट काढावे लागते. नुसते कापले तर पुन्हा फुटते. कृषी सहायकांनी अंदाजपत्रक करताना मच्छीमार संस्थेला बैठकीला बोलवावे आणि कोणता काठ न खणता सोडायचा ते नकाशावर आखून घ्यावे.

यंदा तुमच्या तलावाचे काम मंजूर झाले असेल तर अंदाजपत्रकाची प्रत मागा. त्यात मोरीच्या तळाची उंची लिहिली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर यंत्र उतरण्यापूर्वी ती मोजून घ्यायला सांगा. पाणी आटल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.