विश्लेषण : समुद्रात तरणारी होडी रस्त्यावर धोक्याची का ठरते?

मे महिना संपत आला की मालवण, तारकर्ली, दापोली, अलिबागच्या किनाऱ्यांवर आवराआवर सुरू होते. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, जलक्रीडाही पावसाळ्यापुरत्या थांबतात. होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. ज्या होडीच्या तळाला चीर गेली आहे किंवा जिचे इंजिन उघडायचे आहे, ती कारखान्याकडे निघते. कोणी उन्हाळ्याच्या हंगामानंतर होडी विकून टाकतो आणि ती घाट चढून एखाद्या धरणाच्या जलाशयावर जाते. हा सगळा प्रवास रस्त्याने होतो, आणि तो बहुतेक वेळा एखाद्या पिकअप टेम्पोच्या भरवशावर होतो.

ते दृश्य कोकणात नवे नाही. होडीचे नाळेकडचे टोक टेम्पोच्या केबिनवर टेकवलेले, मागचा भाग हौद्याबाहेर लोंबतो आहे, इंजिन तसेच मागे लटकते आहे आणि शेवटी एक लाल फडके. हे फडके बांधले की कायद्याचे आणि सुरक्षेचे दोन्ही काम झाले, असा एक समज आहे. तो दोन्ही अर्थांनी चुकीचा आहे.

पिकअपचा हौदा साधारण ८ ते १० फुटांचा असतो. होडी १८ फुटांची असेल तर तिचा जवळपास अर्धा भाग हौद्याबाहेर राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये हे स्पष्टपणे आले आहे. परवानगीच्या मर्यादेपलीकडे माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर २० हजार रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पण दंड ही त्यातली किरकोळ गोष्ट. मागे येणाऱ्या दुचाकीस्वाराला रात्रीच्या पावसात लाल फडके दिसत नाही. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर इंजिनाचा पंखा असतो, हे दिसायला त्याला फार थोडा वेळ मिळतो.

मग ट्रेलर घेतला की प्रश्न सुटला?

अर्धा सुटतो. होडी ट्रेलरवरून ओढून नेणे हा हौद्यात कोंबण्यापेक्षा नक्कीच बरा मार्ग आहे. होडी खाली राहते, वाऱ्याला कमी सापडते, आणि पाण्यात उतरवायला दहा माणसे लागत नाहीत. पण ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याचे स्वतःचे स्वभाव आहेत आणि ते न ओळखता तो जोडला तर हौद्यातली होडी परवडली असे म्हणायची वेळ येते.

हे समजायला परदेशातल्या चित्रफिती पाहण्याची गरज नाही. उसाच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यावर उभे राहिले तरी पुरे. ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूला जास्त रचला तर दांडीवर भार येतो आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. पुढची चाके हवेत, चालक स्टिअरिंग फिरवतो आहे आणि ट्रॅक्टर सरळच चालला आहे, हे अनेकांनी पाहिले असेल. भार मागे गेला तर उलटे होते. दांडी वर उचलू लागते आणि ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे फिरू लागते. होडीचा ट्रेलर नेमका याच नियमाने वागतो. फरक इतकाच की ट्रॅक्टर संथ चालतो आणि पिकअप त्याच्या कितीतरी पट वेगाने.

होडीच्या बाबतीत दुसरी चूक जास्त घडते, कारण होडीचा जड भाग मागेच असतो. ४० हॉर्सपॉवरचे आऊटबोर्ड इंजिन ७० ते १०० किलोंच्या घरात जाते आणि ते होडीच्या अगदी शेवटच्या फळीवर टांगलेले असते. पेट्रोलची टाकी, बॅटरी हेही बहुधा त्याच बाजूला. वर जाळी, नांगर, लाइफ जॅकेटे जिथे जागा मिळेल तिथे टाकलेली. मालकाला वाटते, होडी रिकामी आहे.

भार किती आणि कुठे?

बऱ्याच ठिकाणी मानला जाणारा हिशेब सोपा आहे. ट्रेलर आणि त्यावरचे सर्व सामान मिळून जे वजन होईल, त्याच्या १० ते १५ टक्के भार जोडाच्या गोळ्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावर पडला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. होडीचा सांगाडा ४५० किलो, इंजिन ८०, ट्रेलर ३००, नांगर-दोर-बॅटरी मिळून ६०. टाकीत ५० लिटर पेट्रोल म्हणजे आणखी साधारण ३७ किलो. बेरीज ९२७. आता होडीच्या तळात पावसाचे १०० लिटर पाणी साचले आहे आणि बूच काढायचे राहिले आहे असे धरा. पाणी लिटरला एक किलो भरते. वजन १,०२७ झाले, आणि हे १०० किलो एका जागी बसत नाहीत. चढाला ते मागे धावते, ब्रेक लावला की पुढे येते, वळणावर बाजूला. निघण्यापूर्वी तळाचे बूच काढणे ही फुकटची आणि सर्वात जास्त विसरली जाणारी काळजी आहे.

या उदाहरणात जोडावर साधारण ९५ ते १४० किलो भार हवा. तो मोजायचा कसा, असे विचारले की लोक हातानेच दांडी उचलून पाहतात. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी वाळूचा, उसाचा किंवा आंब्याच्या गाड्यांचा जो वजनकाटा असतो, तिथे जावे. आधी ट्रेलर गाडीपासून सोडून पूर्ण काट्यावर घ्यावा आणि आकडा लिहावा. मग तो गाडीला जोडून गाडी काट्याबाहेर आणि फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवावीत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जोडावरचा भार. कमी निघाला तर होडी ट्रेलरवर थोडी पुढे घ्यावी किंवा ट्रेलरचा आसच मागे सरकवून घ्यावा. जास्त निघाला तर उलट. काट्याची पावती जपून ठेवावी, पुढच्या वर्षी उपयोगी पडते.

हा भार पिकअपच्या स्वतःच्या क्षमतेतून वजा होतो, हे बरेच जण धरत नाहीत. पाऊण टन माल नेणाऱ्या ‘छोट्या हत्ती’च्या हौद्यात बर्फाच्या पेट्या भरायच्या आणि मागे हजार किलोंचा ट्रेलर जोडायचा, हा हिशेबच नाही. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा दिला असेल तर तो पाळावा. दिलाच नसेल, तर उत्पादकाने ती गाडी त्या कामासाठी तपासलेली नाही असे समजावे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने बंपरला हूक जोडून दिला म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. हूक चॅसीला बोल्टने बसवलेला हवा, आणि गोळ्याचा व्यास व त्यावर बसणारी वाटी एकाच मापाची हवी. माप जवळपासचे असेल तर ती बसते, हलवून पाहिली तर घट्टही वाटते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटते. म्हणूनच दोन साखळ्या लागतात, त्याही जोडाखाली एकमेकींना छेद देणाऱ्या. जोड सुटला तर दांडी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

शेपूट हलू लागली तर?

इथे सहजप्रवृत्ती माणसाचा घात करते. आरशात ट्रेलर डोलताना दिसला की पाय ब्रेकवर जातो. गाडी मंदावते, ट्रेलर मंदावत नाही, तो गाडीला मागून ढकलतो आणि दोघे कात्रीसारखे मिटतात. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झोके मोडण्याचा प्रयत्न केला तर झोके वाढतात. करायचे ते एवढेच की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचे आणि गाडीला आपोआप मंदावू द्यायचे. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तो एकटा हलकेच लावता येतो. डोलणे थांबल्यावर पुढे जायचे नाही, बाजूला थांबून भार पाहायचा. एकदा डोललेला ट्रेलर त्याच वेगाला पुन्हा डोलतो.

वेगाबद्दल एक साधे गणित पुरेसे आहे. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने निघाले तर थांबवायची ऊर्जा सव्वापट नव्हे, पावणेदोन पटीहून थोडी अधिक होते. युरोपात एकूण ७५० किलोंपर्यंतचाच ट्रेलर बिनब्रेकचा चालतो, त्यापुढे ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडे स्थानिक कारखान्यात बनवून घेतलेल्या होडीच्या ट्रेलरला ब्रेक बसवायला सांगणारा मालक विरळा. त्यात वाचणारा पैसा हा खोटा पैसा आहे.

कोकणातून वर जायचे म्हणजे घाट आला. आंबा, कुंभार्ली, करूळ, ताम्हिणी, कुठलाही घ्या. चढाला फार तर इंजिन तापते, खरी परीक्षा उताराला. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय टेम्पोचालकांत खोलवर रुजलेली आहे. इलेक्ट्रॉनिक इंधन नियंत्रण असलेल्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलने काही वाचत नाही. उलट सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पेडल मऊ लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावा.

बांधण्याविषयी थोडक्यात. निळी-हिरवी प्लास्टिकची दोरी उन्हात कडक होऊन तुटते, नायलॉन ओला झाला की ताणतो. खटक्याचे पॉलिस्टर बेल्ट घ्यावेत, दोन मागे आणि एक पुढे, शिवाय नाळेला वेगळी साखळी. ट्रेलरची चकरी होडी वर ओढण्यासाठी असते, बांधून ठेवण्यासाठी नाही. पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून सगळे पुन्हा आवळावे लागते, कारण होडी बसते आणि बेल्ट सैल पडतात.

आणि मग धक्क्यावर

होडीच्या ट्रेलरला इतर ट्रेलरांना नसलेला एक शत्रू आहे, खारे पाणी. लांबून आलेल्या ट्रेलरच्या चाकांचे हब तापलेले असतात. ते तसेच पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढले जाते. ग्रीस धुपते, बेअरिंगला गंज चढतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढच्या फेरीत, घाटात, चाक जाम होते किंवा निखळून पुढे निघून जाते. म्हणून उतरवण्याआधी चहा घ्यावा, हब हाताला गार लागू द्यावेत, दिव्यांची वायर सोडावी, आणि परतल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवावे.

टायरचेही तसेच. ट्रेलर वर्षात चार दिवस चालतो आणि उरलेले दिवस माडाखाली उभा असतो. नक्षी नवी दिसते, रबर मात्र म्हातारे झालेले असते. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीपेक्षा ते चार आकडे आधी पाहावेत.

ओहोटीला उतरणीचा खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत असतो. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन कमी, आणि बहुतेक पिकअप मागच्याच चाकांनी ओढतात. म्हणून भरतीची वेळ धरावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे किनाऱ्यावरच्याला सांगायला नको, पण धरणावरून होडी घेऊन आलेल्याला सांगावे लागते. ट्रेलर आणि पाणी यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये, आणि चाकामागे ठोकळा लावल्याशिवाय चालकाने उतरू नये.

कागद कोणाकडे?

कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याला नोंदणी हवी, विमा हवा. ट्रेलरच्या बाजूवर त्याचा स्वतःचा क्रमांक आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक, असे दोन्ही दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात गावच्या कारखान्यात बनलेल्या ट्रेलरवर अनेकदा एकही क्रमांक नसतो. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो.

यात दोष फक्त मालकाचा मानणे सोयीचे आहे, पण न्याय्य नाही. होडी पाण्यात असते तेव्हा मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि प्रवासी किंवा जलक्रीडेची नौका मेरीटाइम बोर्डाकडे असते. गाडी परिवहन कार्यालयाकडे असते. चाकांवर चढलेली होडी मात्र या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, होड्या वर येतात तेव्हाच, मोठ्या बंदरांवर एक दिवस मोटार वाहन निरीक्षक आणि एक फिरता वजनकाटा आणून बसवला तर अनेक ट्रेलर जागच्या जागी तपासून, मोजून नोंदवता येतील. नियम नवा लागत नाही.

याची निकड फक्त हौशी होडीवाल्यांपुरती नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीला पूर आला, तेव्हा माणसे बाहेर काढायला होड्याच लागल्या. पूरग्रस्त गावाच्या वेशीपर्यंत होडी रस्त्यानेच पोहोचते, बहुधा रात्री, पावसात, घाईत, आणि मिळेल त्या गाडीमागे. तालुक्यासाठी बचावनौका खरेदी होते तेव्हा तिच्या निविदेतच ब्रेक असलेला नोंदणीकृत ट्रेलर, जादा चाक आणि तो ओढू शकणारी ठरलेली गाडी लिहिलेली असावी. त्या गाडीच्या चालकाने पावसाळ्याआधी निदान एकदा, भरलेल्या होडीसह, आपल्या भागातला घाट उतरून पाहिलेला असावा.