गर्दी सगळ्यांची, तर भांडणही सगळ्यांचं

माझं घर महाडला, नोकरी मुंबईत आणि भाड्याची खोली मुंब्र्याला. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी मुस्लिम घरांची हीच वाट आहे. रोज सकाळी मुंब्र्याहून लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो, मग ऑफिस. संध्याकाळी तेच उलटं. महिन्या-दोन महिन्यांनी गावी जायचं म्हटलं की पहाटे दिवा गाठायचं, सावंतवाडीच्या गाडीत घुसायचं आणि वीर स्टेशनवर उतरून महाड. आमच्या गावाला स्वतःचं स्टेशन नाही, वीरच जवळचं.

गावी गेलो की संध्याकाळी अब्बांबरोबर चवदार तळ्यावर एक चक्कर होते. मागच्या वेळी बसलो असताना त्यांनी विचारलं, "एवढा थकलेला का दिसतोस? काम जास्त आहे का?" मी म्हटलं, "कामाने नाही अब्बा, जाण्यायेण्याने." ते हसले. पण मी खरंच सांगत होतो. दिवसभर कोड लिहून डोकं दमतं, पण लोकलमधून उतरल्यावर जी चिडचिड होते ती वेगळीच असते. कारण नसताना माणूस घरच्यांवर ओरडतो, नमाजला उभा राहिला तरी कानात धक्काबुक्की चालूच राहते. आपल्यातल्या बहुतेकांनी हे भोगलंय, फक्त याला 'ताण' म्हणायची आपल्याला सवय नाही. आपण म्हणतो, "मुंबई है, चलता है."

एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, त्याला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. ज्या यंत्रणेने या अवस्थेला नाव दिलंय, तिला ही अवस्था ठाऊक आहे हे उघड आहे.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या. दोन्हींच्या दारात माणसं लटकलेली होती. वळणावर ती एकमेकांना घासून खाली पडली. किमान चार जणांचा जीव गेला. त्या दिवशी माझ्या फोनवर अम्मीचे सात मिस्ड कॉल होते. संध्याकाळी ऑफिसात एक जण म्हणाला, "लोक लटकतातच कशाला?"

मी इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. एका माणसाने चुकीचं बटण दाबलं तर ती त्याची चूक. रोज हजारो माणसं तेच बटण दाबत असतील तर स्क्रीनची रचना चुकलीय. हजारो माणसं हौस म्हणून दारात लटकत नाहीत. पुढच्या गाडीतही हीच गर्दी असणार आणि लेट मार्क लागला की पगार कापला जाणार, हे त्यांना माहीत असतं. त्या अपघातानंतर रेल्वेने बंद होणाऱ्या दारांच्या आणि हवा खेळती राहील अशा नव्या रचनेच्या बिगर-एसी लोकलची घोषणा केली. म्हणजे रचनेत दोष होता, हे न बोलता मान्य झालंच.

आता आपल्या वाट्याला येणारा जादा भार. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई सुपरफास्टमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या अधिकाऱ्याला आणि तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई एक्सप्रेसमध्ये मुलीकडे कल्याणला निघालेल्या एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला डब्यातल्या मांसाच्या संशयावरून मारहाण झाली. तेव्हापासून अम्मी गावाहून मटणाचा डबा देत नाही, आणि निघताना म्हणते, "टोपी बॅगेत ठेव." गर्दीत पाय चेपला जाण्याची भीती सगळ्यांनाच असते. त्या गर्दीत आपण कोण दिसतो याची भीती मात्र काहींनाच असते. दाढीवाल्या माणसाला धक्का लागला तर तो आधी "सॉरी" म्हणतो, चूक त्याची नसली तरी.

पण एवढंच सांगितलं तर ते अर्धं खरं ठरेल. रमजानमध्ये परतीच्या लोकलमध्ये मगरिबची वेळ झाली की माझ्या डब्यातले भजनी मंडळवाले काका टाळ बाजूला ठेवून विचारतात, "झाली का रे वेळ?" आणि कुणाच्या तरी पिशवीतून पाण्याची बाटली पुढे येते. खजूर दहा हातांतून फिरतो. लोकलमध्ये हेही घडतं.

म्हणूनच मला तळ्याची गोष्ट आठवते. चवदार तळं सार्वजनिक होतं. मुसलमान पाणी भरत होते, जनावरंही पाणी पीत होती, अस्पृश्यांना मात्र बंदी होती. १९२३ मध्ये रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर हक्क मिळाला. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह जाऊन ओंजळभर पाणी प्याले, तेव्हाच तो कागद जिवंत झाला. पुढे कोर्टबाजी चालली ती १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत. १९२७ च्याच डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला महाडात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली.

जातीची बंदी आणि लोकलची गर्दी एकच, असं मी म्हणत नाही. ती तुलना त्या लढ्याचा अपमान ठरेल. मला घ्यायचाय तो फत्तेखानचा धडा. त्याला तळ्यावर कुणी अडवत नव्हतं. भांडण त्याचं नव्हतं. तरी त्याने जागा दिली. आपण मात्र आपल्यावर बेतलं की स्टेटस ठेवतो, आणि सगळ्यांवर बेतलेल्या प्रश्नात गप्प बसतो. मोहल्ल्याच्या बैठकीत कब्रस्तान, शाळाप्रवेश, पार्किंग सगळं येतं. लोकल कधी येते? मुंब्र्याच्या फलाटावर आपलीच पोरं दार अडवून उभी राहतात आणि आत जाणाऱ्या म्हाताऱ्याला ढकलतात, त्यावर कोण बोलतं?

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, कायदा माहीत करून घ्या. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४-अ नुसार गाडीतून चुकून पडून मृत्यू झाला वा जखम झाली तर भरपाई मिळते. मृत्यूसाठी ती ८ लाख आहे. प्रवाशाचा निष्काळजीपणा दाखवून ती नाकारता येत नाही आणि मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो फुकटा ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे वर्षाच्या आत करायचा. पास मोबाईलवर असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घरच्यांकडे ठेवा.

दुसरी, डब्यात कुणालाही त्रास होत असेल तर १३९ लावा. तो माणूस आपला आहे की नाही, हे बघू नका. आज आपण त्याच्यासाठी फोन केला तर उद्या तो आपल्यासाठी करेल, याची हमी नाही. पण आपण केलाच नाही, तर मागायला तोंड उरत नाही.

तिसरी, प्रवासी संघटनांत जा. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर दिव्यालाच थांबवली गेली, ती पुन्हा दादरहून सोडा अशी कोकणातल्या प्रवाशांची मागणी आहे. ती गाडी जितकी गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्याची, तितकीच ईदला महाड-खेडला जाणाऱ्या आपली. मी मागच्या महिन्यात अशा एका बैठकीला गेलो. चाळीसेक माणसं होती, त्यात मुस्लिम मी एकटा. कुणी परकं मानलं नाही. एक काका एवढंच म्हणाले, "तुमच्या मुंब्र्याचे एवढे लोक प्रवास करतात, मग येत का नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला मी दोन मित्रांना घेऊन जाणार आहे.